तोंडातला पांढरा-लाल डाग आणि लेझर: ओपीडीत रोज विचारले जाणारे प्रश्न

मी तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी. दाढ दुखते म्हणून माणूस येतो, मी गाल बाजूला ओढून बघतो, आणि दाढ राहते बाजूलाच. गालाच्या आत पांढरा चट्टा असतो. मग पुढचा अर्धा तास जे प्रश्न येतात ते वर्षानुवर्षं तेच आहेत, म्हणून एकदा लिहून काढले. प्रश्नांची भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरं वाचून घरच्या घरी निदान मात्र करू नका. डाग डोळ्याने बघून आणि बोटाने चाचपूनच त्याच्याबद्दल बोलता येतं.

डाग दुखत नाही, खुपत नाही. मग कशाला हात लावायचा?

दुखत नाही हीच त्याची खोड. दुखला असता तर तुम्ही दुसऱ्या दिवशी आला असता.

पांढरा चट्टा गॉजने पुसून निघत नसेल आणि त्याला दुसरं काही कारण सापडत नसेल, तर त्याला ल्युकोप्लेकिया म्हणतात. मखमलीसारखा लाल असेल तर एरिथ्रोप्लेकिया. कधी दोन्ही रंग एकात एक मिसळलेले असतात. यातला कुठलाच डाग म्हणजे कॅन्सर नव्हे. बहुतेक पांढरे डाग आयुष्यभर डागच राहतात. शंभरातले किती पुढे कॅन्सरकडे जातात याचा आकडा वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण ३ ते १० असा येतो. लाल डागाचं गणित वेगळं आहे. तो दिसायला लहान असला तरी तपासणीत पुष्कळदा पेशींमध्ये बराच बिघाड आधीच झालेला सापडतो. म्हणून पांढऱ्याला मी दोन आठवडे देतो, लालला देत नाही.

जागाही महत्त्वाची. जिभेची कड आणि जिभेखालचा मऊ भाग या धोक्याच्या जागा. आपल्याकडे डाग जास्त दिसतो तो खालच्या ओठाच्या आत आणि गालफडात, म्हणजे जिथे मळलेल्या तंबाखूचा बार भरतात तिथे. उजव्या हाताने मळून डावीकडे ठेवायची सवय असेल तर डाग डावीकडेच. मी विचारण्याआधी तोंडच सांगून टाकतं.

तंबाखू सोडली तर डाग आपोआप जाईल का?

काहींचा जातो, आणि मला त्याचा सगळ्यात जास्त आनंद होतो. बार ठेवण्याच्या जागी कातडी सुरकुतलेली, भुरकट पांढरी झालेली असते. तंबाखू-चुना पूर्ण थांबवला की दोन ते सहा आठवड्यांत ती पुष्कळदा मूळ रंगावर येते. म्हणून साधा, पातळ पांढरा डाग असेल तर आम्ही आधी सवय थांबवायला सांगतो, टोकदार दात घासून गुळगुळीत करतो, बुरशी असेल तर तिचं औषध देतो आणि पुन्हा बोलावतो. एवढं करूनही डाग तिथेच असेल तर तुकडा तपासायला पाठवायचा, म्हणजे बायोप्सी.

इथे एक पळवाट निघते. "सोडली" म्हणजे घरी खात नाही, शेतात खातो. डागाला शेत आणि घर यातला फरक कळत नाही.

तुकडा काढला की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं का?

नाही. ही भीती आली कुठून ते मात्र समजू शकतो. गावातला कुणी तरी फार उशिरा दवाखान्यात गेला, तपासणीत कॅन्सर निघाला, आणि पुढे तो वर्षभरात गेला. लोकांनी क्रम लक्षात ठेवला: सुई लागली आणि माणूस गेला. आजार सुईच्या आधीपासून होता हे कोण सांगणार?

भुलीचं इंजेक्शन देऊन डागाच्या सर्वांत संशयित भागातून तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा तुकडा घेतात आणि एखादा टाका घालतात. त्याशिवाय थेट लेझर करायला जो तयार होतो त्याच्याकडे जाऊ नका. आत आधीच कॅन्सर असेल तर वरवरचा डाग काढून काहीच साधत नाही, उलट पुढच्या डॉक्टरला मूळ डाग कुठवर होता तेच कळत नाही.

लेझर म्हणजे शेक का? मामाला शेक दिला तेव्हा तोंड सोलून निघालं होतं.

शेक म्हणजे रेडिओथेरपी, आणि ती वेगळी. तिची किरणं कातडीतून आरपार जाऊन आतल्या पेशींच्या गाभ्यावर काम करतात आणि ती बरेच आठवडे घ्यावी लागते. लेझर हा निव्वळ प्रकाश आहे, एका बिंदूवर आणलेला. जिथे पडतो तिथलंच काम करतो आणि बंद केला की संपला. केस जात नाहीत, कायमची लाळ आटत नाही, दुसऱ्याला बाधत नाही.

तोंडातल्या डागांसाठी सर्वांत जास्त वापरला जातो तो कार्बन डायऑक्साइड लेझर. त्याचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. तरंगलांबी सुमारे १०,६०० नॅनोमीटर, आणि पाणी त्याला लगेच शोषून घेतं. आपल्या कातडीत भरपूर पाणी असतं. किरण पडला की पेशींमधलं पाणी क्षणात उकळून वाफ होतं, पेशी फुटते, आणि उष्णता खोलवर जायच्या आत काम झालेलं असतं. बारीक रक्तवाहिन्या तिथल्या तिथे बंद होतात, म्हणून रक्त कमी.

हा लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये शोधणारे चंद्रकुमार पटेल हे जन्माने बारामतीचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले. पेशंटला हे सांगितलं की त्याचा मशीनवरचा विश्वास उगाचच थोडा वाढतो. मला चालतं.

तालुक्याच्या ठिकाणी दातांच्या दवाखान्यात असतो तो बहुधा डायोड लेझर. छोटं यंत्र, केसापेक्षा थोडी जाड काचेची तार टेकवून काम करायचं. रक्त त्यातही थांबतं, पण बाजूच्या कातडीला उष्णता जास्त लागते. लहान डागाला ठीक आहे. मोठा, पसरलेला डाग असेल तर मी पुढे पाठवतो.

ब्लेडने काढतात त्यापेक्षा लेझर चांगलं असतं ना?

काही बाबतींत, हो. रक्त कमी, त्यामुळे नेमकं दिसतं. बहुतेक वेळा टाके लागत नाहीत. जखम उघडी ठेवली तरी भरताना आखडत कमी, म्हणून गालावरचा किंवा जिभेवरचा मोठा डाग काढायला लेझर सोयीचा. ब्लेडने तेवढा भाग काढला तर दुसरीकडची कातडी लावावी लागेल किंवा टाके ओढून घ्यावे लागतील.

पण डाग पुन्हा येऊ नये यासाठी लेझर ब्लेडपेक्षा भारी आहे, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा नाही. "लेझरने केलं म्हणजे मुळासकट गेलं" ही पाटीवरची भाषा. जवळ चांगला सर्जन आहे आणि त्याच्याकडे लेझर नाही, तर छोटा डाग त्याच्याकडून ब्लेडने काढून घ्या. मशीनच्या शोधात सहा महिने घालवू नका.

डाग जाळून टाकतात की कापून काढतात?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि खरं तर सगळ्यांनी विचारायला हवा. दोन्ही होतं. एकात डागावरून किरण फिरवत थर थर उडवून देतात. काम पटकन होतं, पण हातात काही उरत नाही. दुसऱ्यात डागाच्या भोवती रेष आखून तो अख्खा सोलून काढतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात.

मी दुसऱ्या बाजूचा. कारण आधीच्या बायोप्सीत तुकडा घेतलेला असतो एकाच जागेचा. डाग मोठा असेल तर घेतलेल्या जागी सौम्य बदल आणि दोन बोटं पलीकडे कॅन्सर, असं घडतं. अख्खा डाग तपासला गेला तरच ते बाहेर येतं. जिथे कापून काढणं अवघड आहे, उदाहरणार्थ फार पातळ पसरलेला डाग, तिथे उडवून देणं समजू शकतो. पण त्याआधी दोन-तीन जागांची बायोप्सी हवी.

लई दुखतं का? नेमकं काय करतात?

दुखतं ते भुलीचं इंजेक्शन, तेही सुई टोचेपर्यंत. डाग लहान असेल तर तेवढ्यावर भागतं. मोठा असेल, घशाकडे असेल किंवा माणूस फारच घाबरलेला असेल तर पूर्ण भूल.

खुर्चीत पाठ टेकली की आधी डोळ्यांवर चष्मा येतो, तुमच्या आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या. मग ओठांवर आणि दातांवर ओल्या गॉजच्या पट्ट्या. त्या ओल्याच हव्यात. किरण चुकून बाजूला गेला तर पाणी तो झेलतं, आणि कोरडं गॉज पेटू शकतं. खरा किरण दिसत नाही म्हणून यंत्र सोबत एक लाल ठिपका पाडतं, तो निशाण. त्या ठिपक्याच्या आधाराने किरणाने आधी डागाच्या भोवती, निरोगी कातडीत ३ ते ५ मिलिमीटर सोडून, बारीक बारीक टिंबं पाडली जातात. टिंबं जोडली की डागाचा नकाशा तयार. मग एक कड चिमट्याने उचलायची आणि खालून सोलत जायचं.

वास येतो. केस जळल्यासारखा. गालाजवळ धूर ओढणारी नळी धरलेली असते तरी येतो, आणि पेशंटना नंतर सगळ्यात जास्त तोच आठवतो. आधी सांगून ठेवलेलं बरं. एकदा सांगायला विसरलो तर एका काकांनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं, "डॉक्टर, वायर जळाली का?"

डाग निघाला की त्याच्या पुढच्या टोकाला मी काळ्या दोऱ्याचा एक टाका घालतो. तपासणाऱ्याला कळायला हवं की पुढची कड कुठली आणि घशाकडची कुठली. कातडीचा तुकडा गोळा होतो, म्हणून तो कागदाच्या जाड तुकड्यावर पसरून फॉर्मॅलिनच्या बाटलीत. बाटलीवरचं नाव मी पेशंटला किंवा सोबतच्या माणसाला मोठ्याने वाचायला लावतो.

ॲडमिट व्हावं लागतं का?

नुसती जागेवरची भूल असेल तर नाही. अर्धा-पाऊण तास, मग घरी. पूर्ण भूल असेल तर साधारण एक रात्र.

जायच्या आधी काय तयारी?

जागेवरच्या भुलीला जेवून या. उपाशीपोटी चक्कर येते, आणि एकादशी असेल तर तारीख बदलून घ्या. पूर्ण भुलीला किती तास आधी खाणं-पाणी बंद ते भूलतज्ज्ञ सांगतील, ते पाळा. रक्त पातळ करणारी गोळी, शुगरची, बीपीची, सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत आणा. "पांढरी बारीक गोळी" यावरून काही समजत नाही. आणि यातली कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

चौथा दिवस आहे, त्याच जागी परत पांढरं आलंय!

हा फोन मला दर वेळी येतो. ते परत आलेलं नाही. लेझरच्या जखमेवर पिवळट-पांढरी साय धरते. भाजल्यामुळे घट्ट झालेल्या प्रथिनांची ती पट्टी आहे, जखमेची स्वतःची. पू नव्हे, बुरशी नव्हे. ब्रशने किंवा बोटाने खरवडू नका. एका आजींनी चुलीच्या राखेने घासून काढली होती, मग महिनाभर दुखणं सहन केलं.

लेझरची जखम ब्लेडच्या जखमेपेक्षा सावकाश भरते. लहान असेल तर तीन आठवडे, मोठी असेल तर सहा. आणि दुखण्याचा क्रम उलटा असतो: पहिले दोन-तीन दिवस माणूस म्हणतो काहीच नाही, चौथ्या-पाचव्या दिवसापासून आग सुरू होते, दुसऱ्या आठवड्यात ओसरते. वेदनेची गोळी म्हणूनच आठवडाभराची दिलेली असते, पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून शेजाऱ्याला देऊ नका.

थोडं रक्त आलं तर स्वच्छ कापडाची घडी दाबून पंधरा मिनिटं धरा, मध्ये उचलून बघू नका. तरी थांबलं नाही, ताप आला, सूज वाढत गेली किंवा गिळताना-श्वास घेताना अडचण वाटली तर तसेच निघून या. जिभेखालचा डाग काढला असेल तर आणखी एक गोष्ट: जेवायला बसलं की हनुवटीखाली फुगतं आणि जेवण झाल्यावर उतरतं, असं झालं तर सांगा. तिथे लाळेच्या नळीचं तोंड असतं, ते भरताना आक्रसू शकतं.

खायचं काय? भाकरीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही.

माहीत आहे. पहिले दोन दिवस गार किंवा कोमट: दूध, मुगाची पातळ खिचडी, वरण-भात घोटून, केळं, ज्वारीची पेज. आंबील चालेल, पण फार आंबट नको. तिसऱ्या दिवसापासून भाकरीचा मऊ भाग दुधात किंवा वरणात कुस्करून. कडक पापुद्रा बाजूला काढा, तो जखमेत सुरीसारखा लागतो. ठेचा, येसरची आमटी, लोणचं, लिंबू, भाजलेले शेंगदाणे तीन-चार आठवडे बंद. चहा बशीत ओतून निवला की घ्या. दुसऱ्या दिवसापासून कोमट मीठपाण्याच्या गुळण्या, जेवणानंतर दर वेळी.

तोंड दोन बोटंच उघडतं. लेझरने उघडेल का?

हा वेगळा आजार, ओएसएमएफ, म्हणजे ओरल सबम्युकस फायब्रोसिस. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी जाड, पांढुरकी, दोरखंडासारखी होते. आधी तिखट सोसत नाही, मग तोंड आखडत जातं. स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जात असतील तर ठीक. जात नसतील तर दाखवा. आता विशीतली पोरं या तक्रारीने येतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे आणि त्यांच्या खिशात पुडी आहे, एवढंच मी त्याबद्दल लिहितो.

लेझरने हे दोर कापता येतात आणि टेबलवर तोंड उघडतंही. पण जखम भरताना ते पुन्हा आखडायला बघतं. ते रोखतो रोजचा व्यायाम: आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरून दर आठवड्याला एक-एक वाढवत जायचं, दिवसातून अनेकदा, कित्येक महिने. ज्याने व्यायाम केला नाही त्याचं ऑपरेशन वाया गेलं असं समजा. शिवाय ओएसएमएफमध्ये एखादा पांढरा-लाल डाग असेल तर त्याची बायोप्सी आधी. तोंड इतकं कमी उघडत असेल की यंत्राची दांडी आत जात नाही, तर डागाच्या उपचारालाही तिथेच अडतं.

आमची आई तंबाखू खात नाही. फक्त मिश्री लावते.

मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. मावशी आल्या की मी आधी उजव्या हाताची तर्जनी बघतो. नखाच्या कडेला काळसर तपकिरी रंग मुरलेला असतो. दात घासायचे म्हणून सुरू झालेली मिश्री पुढे दिवसातून चार-पाच वेळा लागते, दुपारी काम आटोपलं की ओसरीवर बसून, कारण ती आता दातांसाठी नसते, तिची तलफ येते. "आई तंबाखू खात नाही" म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो. घरात कुणी तिला तंबाखू म्हणतच नाही.

आणि ज्यांना खरोखर काही सवय नाही त्यांनाही डाग होतात. विशेषतः वयस्क बायकांमध्ये हिरड्यांवर, गालावर, जागोजागी पसरत जाणारा खडबडीत पांढरा डाग असतो. तो काढला तरी पुन्हा पुन्हा येतो आणि कॅन्सरकडे जाण्याचं प्रमाण त्यात बरंच जास्त असतं. "काही खात नाही, मग कशाला काळजी" हे तिथे लागू पडत नाही.

गोळ्या-मलमाने जाणार नाही का?

लायकोपीनच्या, अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या जातात. काहींचा डाग त्यांनी फिका होतो, बंद केल्या की बऱ्याचदा परत दिसतो. कुठल्याही गोळीने पुढचा कॅन्सर टळतो असं सिद्ध झालेलं नाही. लायकेन प्लॅनस नावाचा जाळीदार पांढरा डाग वेगळा. त्याला स्टिरॉइडचं मलम हाच पहिला उपाय आणि लेझर सहसा लागतच नाही.

रिपोर्टमध्ये डिस्प्लेसिया लिहिलंय. म्हणजे कॅन्सर झाला का?

नाही. डिस्प्लेसिया म्हणजे पेशींची घडी विस्कटलेली. किती थरांपर्यंत विस्कटली आहे त्यावरून सौम्य, मध्यम, तीव्र. तीव्र असेल तर काढायला उशीर नको. सौम्य असेल आणि सवय सुटली असेल तर कधी कधी नुसती नजर ठेवूनही चालतं. हे डॉक्टरांशी बसून ठरवा. रिपोर्टमध्ये कडांबद्दलही एक ओळ असते, कड मोकळी आहे की नाही. लेझरने कडेची कातडी थोडी भाजते, त्यामुळे ती वाचायला अवघड जाते. निरोगी कातडी थोडी जास्त घ्यायची ती त्याचसाठी.

आणि अख्ख्या डागाच्या तपासणीत कॅन्सर निघालाच तर लेझर झालं म्हणून थांबायचं नाही. मानेच्या गाठींची तपासणी, स्कॅन, कॅन्सर सर्जन, हे सगळं लगेच. त्या टप्प्याला सापडलेला कॅन्सर बरा होण्याची शक्यता चांगली असते.

एकदा लेझर केलं की संपलं ना?

मला खरं तर या एकाच प्रश्नासाठी हे सगळं लिहायचं होतं.

डाग परत येऊ शकतो. लेझरनंतर तो परत येण्याचं प्रमाण काही अभ्यासांत दहात एकापेक्षा कमी, काहींत तिनात एकापेक्षा जास्त असं निघालं आहे. हा एवढा फरक पडतो तो डाग कुठला होता, किती मोठा होता, किती वर्षं पाठपुरावा केला आणि सवय सुटली का, यावर.

दुसरी गोष्ट डागापेक्षा मोठी आहे. १९५३ साली अमेरिकेतल्या स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी तोंडाचे कॅन्सर तपासताना पाहिलं की गाठीच्या आजूबाजूची, वरून साधी दिसणारी कातडीही आतून बदललेली आहे. शेतात एका जागी काँग्रेस गवत उगवलं म्हणजे बी तेवढ्याच जागी पडलंय असं नसतं. वीस वर्षं तंबाखूचा रस सगळ्या तोंडाला लागलेला असतो. डाग फक्त पहिल्यांदा जिथे दिसला तिथला. म्हणून डाग गेल्यावरही कॅन्सर व्हायचा तर तो दुसऱ्या जागी होऊ शकतो. डाग काढल्याने तो धोका शून्य होतो असं कुठल्याही अभ्यासाने दाखवलेलं नाही.

म्हणून तपासणी. तीव्र बदल असतील तर सुरुवातीला महिन्या-दोन महिन्यांनी, सौम्य असतील तर तीन ते सहा महिन्यांनी, आणि हे वर्षानुवर्षं. गाडीभाडं मोडून यायचं आणि डॉक्टरने दोन मिनिटांत "ठीक आहे" म्हणून घरी पाठवायचं, याचा राग येतो हे कळतं. त्या दोन मिनिटांसाठीच बोलावलेलं असतं.

मराठवाड्यात हे कुठे होतं? खर्च?

छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय, घाटी हे सरकारी रुग्णालय आणि शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत दंत आणि कान-नाक-घसा विभागात बायोप्सीपासून सुरुवात करता येते. लेझर यंत्र आहे का आणि चालू आहे का, हे निघायच्या आधी विचारा. "मशीन आहे" आणि "मशीन चालू आहे" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. खाजगीत खर्च डागाच्या आकारावर आणि भुलीवर ठरतो. आकडा विचाराल तेव्हा प्रयोगशाळेचा खर्च त्यात धरलाय का तेही विचारा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली प्रक्रिया बसते का हे योजनेच्या यादीवर ठरतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी भेटा. बिल भरून झाल्यावर भेटून उपयोग नाही.

सुटतच नाही हो. चार वेळा सोडली.

मग पाचव्यांदा सोडा. चार वेळचा अनुभव गाठीशी आहे. पहिले तीन-चार दिवस वाईट: डोकं धरतं, चिडचिड, शौचाला होत नाही. तलफ आली की ती काही मिनिटांची असते, तेवढा वेळ काढायचा. जेवण झालं की हात आपोआप खिशाकडे जातो, म्हणून खिसा रिकामा हवा आणि चुन्याची डबी घराबाहेर. जखम ओली असताना निकोटिनचं च्युइंगगम नको. दंडावर लावायची निकोटिनची पट्टी मिळते, डॉक्टरांना विचारून. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी फुकट नंबर आहे. बडीशेप चालेल. तंबाखूऐवजी "नुसती सुपारी" चालणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ साली सुपारीलाच कॅन्सरकारक ठरवलं आहे, तंबाखू नसली तरी.

ऊसतोडीची उचल घेतलीय, दिवाळीच्या आसपास कारखान्यावर जायचंय. कधी करू?

बीड-धाराशिवकडच्या पेशंटसाठी मी तारीख पंचांग बघूनच देतो, मुहूर्तासाठी नव्हे. पोळ्याच्या सुमारास लेझर झालं तर टोळी निघेपर्यंत जखम भरलेली असते, रिपोर्ट हातात असतो आणि पहिली तपासणीही उरकते. दसऱ्यानंतर आलात आणि डाग साधा असेल तर आधी बायोप्सी करून घेऊ. रिपोर्ट तीव्र आला तर मात्र थांबायचं नाही, मग उचल असो की काही. मुकादमाशी बोलायला लागलं तर चिठ्ठी मी देतो.

फडात असताना तपासणीची वेळ आली तर कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा सांगली-मिरजेचं शासकीय रुग्णालय आहे. तिथल्या डॉक्टरला तुमचं तोंड नवीन असतं, म्हणून मी फाईलमध्ये तोंडाचं चित्र काढून डागाची जागा, मिलिमीटरमध्ये माप आणि तारीख लिहून देतो. फाईल पॉलिथिनच्या पिशवीत ठेवा, खोपीत पाणी येतं. प्रत्येक कागदाचा फोटो स्वतःच्या फोनमध्ये, मुकादमाच्या नको. महिन्यातून एकदा उन्हात उभं राहून आरशात बघा: दोन आठवड्यांत न भरलेली जखम, कडक गाठ, रक्त, आपोआप हलणारा दात, मानेला गाठ, कारण नसताना कानात ठणका. यातलं काही दिसलं तर त्या दिवशीचा कोयता बाजूला ठेवा.

पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी आलात की पहिल्याच आठवड्यात या. येताना बायकोलाही आणा, तिचंही तोंड बघतो.